रिस्टार्ट केलं की जातं

मी आजवर ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांत आळशी होते, भित्रे होते, एक तर दुपारी जेवून आल्यावर खुर्चीत उघड उघड घोरायचे. त्यांच्याबद्दल आता मनात काही उरलेलं नाही. राजेंद्र भोसेकरांबद्दल आहे. कारण भोसेकरांना काम येत होतं. ज्याला काहीच येत नाही त्याने चार लोकांना अडवून ठेवलं तर एक वेळ समजू शकतं, बिचाऱ्याकडे दुसरं असतं काय! भोसेकरांकडे होतं. ते त्यांनी कशासाठी वापरलं, ते सांगते.

आमची कंपनी चाकणला, तळेगाव रस्त्यापासून आत. गाड्यांचे पत्र्याचे भाग दाबून काढायला जे साचे लागतात, ते आम्ही डिझाइन करायचो. खाली शॉप, म्हणजे यंत्रांचा कारखाना, वर डिझाइनचा हॉल. हॉलवर पत्र्याचं छप्पर, आणि एसी लावलेला असा, की त्याची हवा काचेपलीकडे बसलेल्या मालकांना लागावी. आम्हा सगळ्यांना लॅपटॉप दिलेले होते. दरवाजाच्या साच्याचं मोठं ड्रॉइंग उघडून जरा फिरवलं की लॅपटॉप तापायचा, त्याचा पंखा ओरडायला लागायचा आणि तापलेलं मशीन स्वतःला वाचवायला स्वतःचाच वेग कमी करायचं. माउस हलवायचा आणि चित्र फिरायची वाट बघत बसायचं. मी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये शिरले तेव्हा पिठाच्या गिरणीत आल्यासारखं वाटलं.

“थांबा, सर येतील आता,” शेजारच्या टेबलावरचे दत्ता कदम म्हणाले. कदम मोशीचे. हॉलमधले सगळ्यात जुने डिझायनर. “त्यांनी हात लावला की निवतंय.”

आणि सर आले. पन्नाशीच्या आसपासचे, इस्त्री न मोडलेला अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि त्याच पट्ट्याला लोंबणारा एक काळा पेनड्राइव्ह. ते कंपनीचे सिस्टिम्स मॅनेजर, म्हणजे सगळी कॉम्प्युटरं त्यांच्या ताब्यात. आले ते सरळ कदमांच्या लॅपटॉपपाशी, तळहात उलटा करून लॅपटॉपच्या पाठीवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “ताप आहे.”

मग पेनड्राइव्ह लावला, स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली आणि कदमांना म्हणाले, “जरा तिकडे बघा.”

कदम खिडकीबाहेर बघायला लागले. मुलं वाढवलेला, केस पिकलेला माणूस. दोन मिनिटांत भोसेकरांनी पेनड्राइव्ह काढला. पंख्याचा आवाज खरंच उतरला. कदम परत कामाला लागले.

यात जादू काही नव्हती. प्रोसेसरला कारखान्यातून निघतानाच गरजेपेक्षा जरा जास्त व्होल्टेज नेमून दिलेलं असतं, म्हणजे बरीवाईट कुठलीही चिप त्यावर चालावी. ते थोडं उतरवलं तर काम तितकंच होतं आणि मशीन थंड राहतं. जास्त उतरवलं तर मशीन अडकतं, बंद पडतं. या दोहोंमधली नेमकी जागा प्रत्येक लॅपटॉपची वेगळी, ती हळूहळू चाचपत शोधावी लागते. भोसेकरांनी आमच्या सगळ्या लॅपटॉपची ती जागा शोधून काढली होती. लॅपटॉप विकणाऱ्याने हात वर केले होते, मालक नवे घ्यायला तयार नव्हते, तेव्हा या माणसाने एका फुकट मिळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या जोरावर हॉल चालता ठेवला. एवढं श्रेय त्यांचं आहे आणि ते मी काढून घेत नाही. मला राग आहे तो त्यापुढचा आहे.

उतरवलेलं हे व्होल्टेज टिकत नसे. लॅपटॉप रिस्टार्ट केला की सेटिंग पुसलं जाई. झाकण लावून मशीन झोपवलं तरी जाई. म्हणून रोज सकाळी आम्ही बसमधून उतरून वर यायचो, लॅपटॉप सुरू करायचो आणि भोसेकरांची वाट बघायचो. ते त्यांच्या गाडीने सावकाश येत. आधी डबा ठेवत, मग पाणी पीत, मग चष्मा पुसत. मग फेरी सुरू होई. कुणापासून ती सुरू होईल हे ठरलेलं नसे. आदल्या दिवशी त्यांच्या विनोदाला जो हसला त्याच्यापासून. ज्याच्या बायकोने त्यांना आवडते म्हणून डब्यातून गवारीची भाजी पाठवली त्याच्यापासून. ज्याने पार्किंगमध्ये त्यांची जागा घेतली त्याचा नंबर शेवटी, जेवणाची सुट्टी जवळ आल्यावर.

“सर, ह्ये कायमचं न्हाई का व्हत?” कदमांनी एकदा माझ्यासमोर विचारलं होतं.

“कायमचं काही नसतं हो कदम,” भोसेकर म्हणाले. “रिस्टार्ट केलं की जातं. तो प्रोसेसरचा स्वभाव आहे.”

स्वभाव! शब्द त्यांनी इतक्या गंभीरपणे उच्चारला की आम्ही माना डोलावल्या.

माझी पाळी आली त्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “राहायला कुठे?”

“संत तुकाराम नगर.”

“म्हणजे वडील कंपनीत असणार. कामगार?”

“मशीन ऑपरेटर होते. रिटायर झाले.”

“आणि पूर्ण नाव काय म्हणालात?”

मी सांगितलं. “अच्छा, अच्छा,” ते म्हणाले. हे दोनदा म्हटलेलं अच्छा आमच्या घरात लहानापासून मोठ्यापर्यंत सगळ्यांना ओळखू येतं. त्यानंतर माझा नंबर बहुतेक दिवशी शेवटून दुसरा असे. शेवटी कोण, ते रोज बदलायचं.

एका उन्हाळ्यात भोसेकर आठवडाभर सुट्टीवर गेले, मुलाच्या ॲडमिशनसाठी कुठेतरी दक्षिणेत. जाण्यापूर्वी कुणाला आकडे सांगून जावं, एखाद्याकडे पेनड्राइव्ह द्यावा, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी हॉलमध्ये उभं राहून सूचना दिली: “मी सगळ्यांचं करून जातोय. आता माझं येणं होईपर्यंत कुणी मशीन बंद करायचं नाही, झाकण लावायचं नाही. रात्रीच्या कामाला घरी नेलंत तरी उघडं न्या.”

आणि आम्ही नेले! संध्याकाळची कंपनीची बस, चाकणच्या चौकात नेहमीसारखी अडकलेली, बाहेर कंटेनरांच्या रांगा, आत ऊन तिरपं येतंय, आणि ओळीने बसलेल्या माणसांच्या मांडीवर उघडे लॅपटॉप. कुणी खाली रुमाल घेतलेला, कुणी डब्याची पिशवी. कुणी कुणाशी बोलत नव्हतं, कारण प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या बॅटरीकडे. बस मोशीच्या अलीकडे पोचली तेव्हा कदमांच्या स्क्रीनवर अंधार झाला.

“गेलं!” कदम ओरडले. “गेलं राव माझं!”

घरात काही वाईट घडल्यासारखा तो आवाज होता. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. “काय झालं भाऊ? कोण गेलं?”

कदमांनी काळा पडलेला स्क्रीन वर धरून दाखवला. मागून कुणीतरी हसलं, मग सगळी बस हसली, कदमही हसले. पण पुढचे दिवस कदम तापलेल्या मशीनवर बसले. त्यांची एक डिलिव्हरी लांबली आणि मालकांची बोलणी त्यांनी खाल्ली. भोसेकर परत आल्यावर त्यांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, “सांगितलं होतं ना, बंद करू नका म्हणून?” आणि त्यांचा चेहरा खुलला होता. मी तो चेहरा जवळून बघितला. आपल्यावाचून लोकांचं अडलं, याचा इतका निखळ आनंद मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

तोवर मला वाटत होतं, कंपनीत पत टिकवायला माणूस असं वागत असेल. नोकरीची भीती कुणाला नसते? मग त्यांनी पिंपळे सौदागरला नवा फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आम्हाला सगळ्यांना बोलावलं.

फ्लॅट छान होता. दारातच भोसेकर उभे. येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल मागून घेत, वायफायचा पासवर्ड स्वतः घालून देत आणि मोबाइल परत करत. पासवर्ड कुणाला सांगत नव्हते. मोबाइल हातात घेऊन पाठ वळवत. त्यांच्या मेहुण्याने “सांगा की भावजी, मीच घालतो,” म्हटलं तर त्याला त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मला त्यांच्या बायकोचे ऑफिसात येणारे फोन आठवत होते. दिवसाआड यायचे. टीव्ही लागत नाहीये, वॉशिंग मशीनला लॉक पडलंय, इन्व्हर्टर वाजतोय. भोसेकर स्पीकरवर टाकून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं एकेक बटण सांगत आणि फोन ठेवल्यावर म्हणत, “घरी माझ्याशिवाय पान हलत नाही.” मला त्या बाई साध्याभोळ्या वाटत आलेल्या.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी पाणी घ्यायला गेले तर वहिनी एकट्याच होत्या. नव्या मायक्रोवेव्हमध्ये काहीतरी गरम करत होत्या. त्याची बटणं त्यांनी न बघता, बोलता बोलता दाबली. दाबली आणि लगेच माझ्याकडे वळून बघितलं.

“येतं हो मला सगळं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “टीव्ही काय, मशीन काय. मी लग्नाआधी टेलिफोन खात्यात होते. पण मी लावलं की यांचा दिवसभर मूड जातो. जेवत नाहीत नीट. मग मी फोन करते. दोन मिनिटांचं काम असतं, काय जातं आपलं?”

त्या हसल्या. मी पाणी प्यायले आणि बाहेर आले. बाहेर भोसेकर कुणाला तरी सांगत होते की नव्या घरात गॅसपासून गीझरपर्यंत सगळं त्यांनाच समजावून द्यावं लागतंय. माझ्या मनात तोवर चीड होती, तिचा त्या दुपारी तिरस्कार झाला. ऑफिसातल्या लोकांना दोन मिनिटं खिडकीबाहेर बघायला लावणं वेगळं. आपल्या माणसाला जन्मभर अडाण्याचं सोंग घ्यायला लावणारा माणूस वेगळा.

पुढच्या वर्षी आमच्याकडे सुवर्णा आली. लातूरकडची, डोळ्यांत बघून बोलणारी, नोकरी अजून पक्की न झालेली. रहाटणीला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. पहिल्या सकाळी भोसेकरांनी तिला “तिकडे बघा” म्हटलं तेव्हा ती म्हणाली, “का बरं सर?”

हॉलमध्ये माउसचे आवाज थांबले.

“तुम्हाला कळणार नाही म्हणून,” भोसेकर म्हणाले.

“बरं,” सुवर्णा म्हणाली आणि खिडकीकडे बघितलं. पण संध्याकाळी बसमध्ये तिने मला विचारलं, “ताई, रोज रोज काय करायलेत सर हे? रोज करायला लागतंय म्हणजे कायतरी चुकायलंय ना?”

मी तिला व्होल्टेजचं सांगितलं, प्रोसेसरचा स्वभाव सांगितला. ती खूप हसली. तिच्या हसण्यानंतर मला पहिल्यांदा नीट कळलं की आम्ही किती बावळट दिसत असू.

पुढच्या शनिवार-रविवारी ती खोलीवर लॅपटॉप घेऊन बसली. तोच प्रोग्रॅम शोधला. व्होल्टेज थोडं थोडं उतरवत गेली. मशीन अडकलं तिथून मागे आली, मोठं ड्रॉइंग फिरवून तपासलं. मग लॅपटॉपला सांगून ठेवलं, की तू सुरू झालास की हा प्रोग्रॅम तूच चालव, आणि झोपेतून उठलास तरी चालव. आपोआप कामं नेमून द्यायची ती सोय प्रत्येक लॅपटॉपमध्ये असते. आमच्याही होती. आमच्या सॉफ्टवेअरला लागतं म्हणून तेवढे अधिकारही आमच्याकडे होते. जे काम भोसेकर वर्षानुवर्षं रोज करत होते, ते एकदाच करायला चहा निवेपर्यंतचासुद्धा वेळ लागत नव्हता. आणि भोसेकरांना ते माहीत नसणं शक्यच नव्हतं.

सोमवारी भोसेकर फेरीवर आले. सुवर्णा काम करत राहिली. त्यांनी उलटा तळहात ठेवला. लॅपटॉप गार होता.

“हे कुणी केलं?”

“मीच केलं सर. चालू झालं की आपोआप लागतंय आता. झाकण उघडलं तरी लागतंय.”

“म्हणजे... राहतं?”

“राहतंय की. तीनदा रिस्टार्ट करून बघितलं.”

हात लॅपटॉपवरून काढायचंही भोसेकरांना सुचलं नाही. शेवटी सुवर्णाच म्हणाली, “सर, हात,” कारण तिला झाकण तिरपं करायचं होतं.

त्याच दुपारी कदम तिच्याकडे गेले. “बाई, माझं बी कर.” सुवर्णाने केलं नाही. तिने त्यांना खुर्चीत बसवलं, स्वतः मागे उभी राहिली आणि त्यांच्याकडून करून घेतलं. कदमांनी मग त्यांच्या शेजारच्याला शिकवलं. आठवडा सरायच्या आत सगळा हॉल गार झाला. शांतही झाला. इतका, की खालच्या शॉपमधल्या, पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा ठोका आम्हाला पहिल्यांदा वर ऐकू यायला लागला.

एका सकाळी भोसेकर आले, डबा ठेवला, पाणी प्यायले, चष्मा पुसला. सगळ्या हॉलभर एक चक्कर मारली. कुणी मान वर केली नाही. “काय, कुणाला काही?” त्यांनी विचारलं.

“न्हाई सर, बरं हाय,” कदम म्हणाले.

ते जागेवर जाऊन बसले आणि स्वतःचा पेनड्राइव्ह स्वतःच्याच लॅपटॉपला लावला, काढला, परत लावला. मला दया यायला हवी होती. मला मजा वाटली, आणि मी ती लपवली नाही.

त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, सुटलो एका कटकटीतून. चार नवीन गोष्टी शिकला असता. भोसेकरांनी त्या आठवड्यात मेल पाठवली: सुरक्षेच्या कारणास्तव शनिवार-रविवारी सर्व लॅपटॉप हॉलमध्येच ठेवावेत.

सोमवारी आम्ही लॅपटॉप सुरू केले आणि गिरणी पुन्हा चालू झाली. सुवर्णाने प्रोग्रॅम उघडला. व्होल्टेजचा आकडा करडा पडलेला, हलत नव्हता. भोसेकरांनी सगळ्या मशीनमध्ये लॅपटॉपच्या कंपनीचं एक अपडेट टाकलं होतं. मशीनच्या अगदी मुळाशी बसणारं. ते बसलं की व्होल्टेजला हात लावायची सोयच बंद होते, आणि आमच्या त्या मॉडेलवर मागे फिरायचा रस्ताही नव्हता.

आता हे नीट लक्षात घ्या. ते अपडेट खोटं नव्हतं. व्होल्टेजशी खेळून मशीनमधली माहिती चोरता येते असं आढळल्यामुळे लॅपटॉप बनवणाऱ्यांनी ते आणलं होतं. म्हणजे भोसेकरांना सुरक्षेची चाड असती तर त्यांनी ते आल्या आल्या टाकायला हवं होतं. त्यांनी ते दाबून ठेवलं, कारण त्याने त्यांची सकाळची फेरी बंद झाली असती. आणि फेरी तशीही बंद झाल्यावर ते बाहेर काढलं. त्यांचा हिशेब एवढाच: मी करणार नसेन तर कुणालाच नको. त्या दिवशी ते खुशीत होते. प्रत्येकाच्या तापलेल्या लॅपटॉपवर हात ठेवत म्हणत होते, “आता आपल्या हातात काही नाही हो. वरूनच बंद केलंय.”

त्या उन्हाळ्यात आम्ही काय भोगलं त्याचं वर्णन करत नाही. पुढच्या महिन्यात गाड्यांच्या एका मोठ्या कंपनीचे लोक दरवाजाच्या साच्याचं काम बघायला आले. डिझाइन सुवर्णाचं होतं, दाखवणारही तीच. चांगलं काम होतं ते. मी सांगते म्हणून नाही, पुढे दुसरीकडे तिने त्याच पद्धतीवर नाव मिळवलं. तिने साचा पडद्यावर उघडला, फिरवायला घेतला आणि चित्र अर्ध्यात थांबलं. पंखा कोकलायला लागला. सगळे पडद्याकडे बघत बसले. चित्र तुटक तुटक हललं, परत थांबलं. आलेल्यांपैकी एकाने मोबाइल काढला. मालक सारखे म्हणत होते, “होईल, होईल.” काही झालं नाही. “मेल करून ठेवा, आम्ही बघतो,” म्हणून ते उठले. काम दुसरीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हाला केबिनमध्ये उभं केलं. “मशीनला काय झालं?” त्यांनी भोसेकरांना विचारलं.

भोसेकर हात पुढे बांधून, दुःखी आवाजात म्हणाले, “साहेब, मला कुणाच्या करिअरचं वाईट करायचं नाही. पण मॅडमनी बाहेरून प्रोग्रॅम आणून सगळ्या मशीनशी छेडछाड केली. मला शेवटी कुलूप घालावं लागलं.”

सुवर्णा सरळ भोसेकरांकडे वळली. “सर, तोच प्रोग्रॅम तुमच्या पेनड्राइव्हमध्ये होता ना? तुम्ही रोज तेच करत होता ना?”

“ते अधिकृत होतं.”

“बरं. आणि सुरक्षेसाठी जे अपडेट टाकलं म्हणता, ते मी इथं यायच्या आधीपासून लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर पडलंय. तारीख हाय तिथं. मग इतके दिवस का नाही टाकलं?”

भोसेकर मालकांकडे बघून हसले. लहान मुलाने काहीतरी अवघड विचारल्यावर मोठी माणसं एकमेकांकडे बघून हसतात तसे.

“साहेब, पोरीमुळं न्हाई झालं ह्ये,” कदम म्हणाले. मीही बोलले. फेरीचं सांगितलं, बसमधल्या उघड्या लॅपटॉपचं सांगितलं. मालकांनी हात वर केला. “मला त्या टेक्निकल भानगडीत पाडू नका. सर इतकी वर्षं आहेत इथे. ती आत्ता आलीय.” सुवर्णाची नोकरी पक्की करायचं पुढे ढकललं गेलं. भोसेकरांना कुणी काही विचारलं नाही.

बाहेर आल्यावर ते तिच्या मागोमाग जिन्यापर्यंत आले. मी सोबत होते. “तुम्ही हुशार आहात,” ते म्हणाले, आणि खरंच मायेने म्हणाले, हेच मला अजून पचत नाही. “मला नुसतं विचारलं असतंत तर मीच शिकवलं असतं.”

“नसतं शिकवलं सर,” सुवर्णा म्हणाली.

तिने महिन्याभरात नोकरी सोडली. भोसरीला साचे बनवणाऱ्या एका टूलरूममध्ये लागली. आज तिच्या हाताखाली माणसं आहेत, आणि त्यांना ती मागे उभी राहून शिकवते, असं तिच्याकडच्या एकाने मला सांगितलं. मालकांनी हातचं काम गेल्यावर शहाणे होऊन टेबलावरची मोठी मशीन भाड्याने घेतली. बिघडलं की बाहेरचा माणूस येतो, नीट करतो, जातो. त्या मशीनना पेनड्राइव्ह चालतच नव्हता. भोसेकर मग प्रिंटरच्या कागदाचा हिशेब ठेवत बसायचे. प्रिंटरपाशी कुणी उभं राहिलं की उठून यायचे, आणि ते पोचायच्या आत कागद बाहेर आलेला असायचा. काही काळाने ते सोडून गेले. केक कापला. मीही पुढे कंपनी बदलली.

गेल्या वर्षी भावासाठी भाड्याचा फ्लॅट बघत होते. एजंटने पिंपळे सौदागरचा पत्ता दिला. गेटपाशी पोचल्यावर ध्यानात आलं, ही तर त्यांचीच सोसायटी. म्हटलं, इतक्या इमारती आहेत, कशाला भेटतात.

लिफ्टच्या आत, बटणांना टेकून भोसेकर उभे होते. केस पूर्ण पांढरे झालेले, पायात घरातल्या चपला. ते कुठे जात नव्हते. येणाऱ्याला “कितवा?” विचारत होते आणि बटण दाबत होते. वर जात होते, माणूस उतरला की परत खाली येत होते. माझ्या पुढे जेवणाची पार्सलं घेतलेला एक जण होता. त्यांनी “कितवा?” विचारायच्या आत त्याने त्यांच्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं. दार लागलं. मी खाली थांबले. लिफ्ट परत आली तेव्हा आत ते एकटेच होते.

“तुम्ही चाकणच्या ना?” त्यांनी ओळखलं. चेहरा उजळला. “या, या. कितवा मजला?”

मला सहाव्या मजल्यावर जायचं होतं.

“नको सर,” मी म्हटलं. “मी जिन्याने जाते.”

“अहो या ना, मी सोडतो!”

मी जिना चढायला लागले. वळणावरून दिसलं, त्यांनी एक हात लिफ्टच्या दारात घालून ते धरून ठेवलं होतं आणि दुसरं बोट बटणांवर तसंच होतं. दार बंद होऊ दिलं नाही की ती लिफ्ट पिंपिं करत राहते. मी दुसरा मजला ओलांडला तरी ते खालून ऐकू येत होतं.